ईझल सगळ्यात शेवटी: ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये चित्रांची जागा कशी लावावी

कोपरखैरण्याच्या एकीने मला घरचा 'स्टुडिओ' बघायला बोलावलं होतं. बेडरूमच्या कोपऱ्यात सागवानी ईझल (चित्र उभं टेकवायची घोडी), मागे मोरपंखी भिंत, वर पिवळ्या उजेडाचा लटकता दिवा, शेजारी ब्रशांनी भरलेली पितळी कळशी. ईझलवर दोन ओल्या ओढण्या वाळत होत्या. चित्रं कुठे काढतेस, असं विचारलं तर म्हणाली, "डायनिंग टेबलावरच. इथे बसवतच नाही हो."

माझ्या रविवारच्या चित्रकलेच्या वर्गातल्या बऱ्याच जणांचं असंच होतं. क्रम हमखास उलटा असतो: आधी खरेदी, मग भिंतीचा रंग, मग कोपरा, आणि सगळं सजल्यावर काम. मग ती जागा फोटोत पाहिलेल्या कुणा दुसऱ्याच चित्रकाराची होते आणि आपण तिथे पाहुण्यासारखं अवघडून बसतो. मीही हेच केलं आहे. कळव्याच्या वन-बीएचकेत राहत असताना पहिल्या विकलेल्या चित्राचे पैसे मी एका भल्या मोठ्या ईझलवर घातले. तेव्हा मी मांडी घालून, जमिनीवर फळी ठेवून काम करायचे. उभ्याने मला एक रेघ धड मारता येत नव्हती.

तेव्हा खालचा क्रम मोडू नका. पहिल्या चार पायऱ्यांत जवळपास काहीच विकत घ्यायचं नाही. त्याच पायऱ्या लोक गाळतात.

आधी एवढं जवळ ठेवा

एक वही, मेजर टेप, मास्किंग टेप, पांढऱ्या कागदाचे चार तुकडे, एक गोटी आणि फोनमधलं होकायंत्र. जमलं तर छोटा डिजिटल आर्द्रतामापक घ्या; तेवढा एकच खर्च.

## पायरी 1: चौदा दिवसांची नोंद

दोन आठवडे काहीही हलवू नका. जिथे, जसं काम करता तसंच करत राहा आणि प्रत्येक बैठकीची नोंद ठेवा. माझ्या जुन्या वहीतला एक तुकडा देते, म्हणजे किती बारीक लिहायचं ते कळेल:

सोम. रात्री 10.40 ते 11.25. डायनिंग टेबल, खिडकीकडची खुर्ची. जलरंग. लोणच्याची बरणी, औषधांचा डबा सरकवला. पाणी आणायला दोनदा उठले.
बुध. काही नाही. सामान काढायचा कंटाळा.
शनि. दुपारी 3 ते 5.10. हॉलमध्ये जमिनीवर, सोफ्याला पाठ टेकून. कोळसा. पंखा बंद केला, घरचे वैतागले.
रवि. सकाळी 7 वाजता 20 मिनिटं. सामान मांडायला 18 मिनिटं गेली.

या चार ओळींत माझ्या जागेचा अर्धा नकाशा होता. मी जमिनीवर रमते, टेबलावर उरकते. पाणी जवळ हवं. पंख्याचं काहीतरी करायला हवं. आणि रविवारच्या ओळीत मी का चित्रं काढत नाही याचं उत्तर होतं: 20 मिनिटांच्या कामाला 18 मिनिटांची मांडामांड.

'कंटाळा', 'नको वाटलं', 'कुणी आलं' या ओळी गाळू नका. ज्या दिवशी काम झालं नाही, त्या दिवसाची नोंद जास्त कामाची असते.

इथे चूक होते: आपण कसं काम करायला हवं ते लोक लिहितात. 'सकाळी सहाला उठून' वगैरे. खरं तर हात रात्री अकरानंतर चालतो. मग जागा सहा वाजता उठणाऱ्या माणसासाठी लागते आणि रात्री अकरा वाजता तिथे धड दिवा नसतो.

तपासा: चौदा दिवसांत चारपेक्षा कमी बैठका झाल्या असतील तर थांबा. अडचण जागेची नाही. डायनिंग टेबल चालू द्या आणि आणखी चौदा दिवस नोंद करा. हे ऐकून लोक नाराज होतात, पण रिकाम्या स्टुडिओसमोर रोज अपराधी वाटून घेण्यापेक्षा ही नाराजी बरी.

## पायरी 2: माध्यम आणि आकार यांवरून जागा मोजा

'किती जागा लागते?' या प्रश्नाला चित्राच्या आकारापासून सुरुवात करा. जलरंगाचा पूर्ण इंपीरियल कागद 22 × 30 इंच, अर्धा 15 × 22, पाव 11 × 15. नोंदवहीत बघा, गेल्या दोन आठवड्यांत तुम्ही कोणत्या आकारावर काम केलंत? बहुतेकांचा आकार पाव किंवा अर्धा निघतो आणि कोपरा मात्र चार फुटी कॅनव्हासचा बेत धरून आखलेला असतो.

अर्ध्या इंपीरियलला 2 × 3 फुटांचं टेबल पुरतं. फळी, उजवीकडे पॅलेट, पाण्याची दोन भांडी आणि एक फडकं त्यात बसतं. खाली बसून काम करणाऱ्याला चौरंग किंवा बैठं मेज आणि त्याभोवती साधारण 4 × 4 फूट मोकळी लादी लागते. तीन पायांचं ईझल पाय फाकवल्यावर जवळजवळ 3 × 3 फूट खातं. हे दुकानात लक्षात येत नाही, कारण तिथे ते मिटवून भिंतीला टेकवलेलं असतं.

मास्किंग टेपने ही जागा लादीवर आखा आणि तीन दिवस त्या रेघांसोबत राहा. कपाटाचं दार उघडतं का? रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस अडखळतो का? झाडू मारणाऱ्या मावशी टेप उपटतात का? उपटत असतील तर ती जागा वाहतुकीची आहे, सोडून द्या.

आता मागे सरण्याचं अंतर. चित्र नीट बघायला त्याच्या मोठ्या बाजूच्या तिपटीएवढं मागे जावं, असा ढोबळ हिशेब आहे. 36 इंची कॅनव्हासला नऊ फूट. 10 × 10 च्या खोलीत पलंग आणि कपाट ठेवून नऊ फूट कुठून आणणार? यावर जुना उपाय आरशाचा. काम करताना तुमच्या पाठीमागे येईल अशा भिंतीवर आरसा लावा. वळून त्यात चित्र पाहिलं की अंतर जवळपास दुप्पट होतं आणि प्रतिमा उलटी दिसल्याने चेहऱ्याचा वाकडा डोळाही लगेच पकडला जातो. कपाटाच्या दाराला आरसा असेल तर टेबल कुठे ठेवायचं हे त्यानेच ठरवून टाकलं.

सावधान, बाल्कनी: बाल्कनी आत घेऊन केलेला कोपरा मोहक दिसतो. पण मूळ बाल्कनीची लादी पाणी जायला उताराची असते. गोटी ठेवून बघा. ती घरंगळली तर तुमचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा ओला थरही त्याच बाजूला जाऊन साचेल. टेबलाच्या दोन पायांखाली पुठ्ठ्याच्या चकत्या घातल्या की भागतं, पण हे आधी कळलेलं बरं. आणि कबुतरं. त्यांच्याबद्दल मी लिहायला लागले तर लेख तिथेच संपेल; जाळी लावा.

## पायरी 3: उजेड

पुस्तकात 'उत्तरेचा उजेड' वाचून लोक उत्तरेची खिडकी शोधत फिरतात. तो सल्ला थंड, उत्तरेकडच्या देशांतून आला आहे. तिथे भर दिवसा उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही. ठाणे साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्यात सूर्य इथे डोक्यावर येतो आणि त्याच्याही उत्तरेला सरकतो, म्हणून सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतही शिरतं. उत्तर चांगलीच, पण मे महिन्यात तिलाही पातळ पांढरा पडदा लागतो.

दिशा बघताना फोन लोखंडी ग्रिलला टेकवू नका. लोखंडाजवळ होकायंत्र भरकटतं. खिडकीपासून तीन-चार फूट आत, खोलीच्या मध्ये उभं राहून बघा.

मग खरी चाचणी करा. पांढऱ्या कागदाचे चार तुकडे चार संभाव्य जागी ठेवा. सकाळी 8, 11, दुपारी 2 आणि 5 वाजता प्रत्येकाकडे बघून लिहा: पांढरा दिसतो, पिवळा, निळसर की हिरवट? फोटो काढून ठरवू नका, फोनचा कॅमेरा पांढरा रंग स्वतःहून दुरुस्त करतो. डोळ्यांनीच बघा.

आपल्याकडे कागदावर रंग चढवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात. पावसाळ्यात खिडकीवर बांधलेल्या निळ्या ताडपत्रीमागे बसून काढलेली चित्रं दिवाळीत बाहेर आणली की नारिंगी वाटतात, कारण निळ्या उजेडाला तोंड देता देता हात नकळत उबदार रंग वाढवत गेलेला असतो. बाल्कनीतली हिरवी शेडनेट तेच करते. घोडबंदर रोडवर समोरच्या टॉवरच्या काचांवरून दुपारचं ऊन उसळून नेमकं तुमच्या टेबलावर येऊ शकतं, खिडकी पूर्वेची असली तरी. आणि तुमची स्वतःची भिंत! कोपरखैरण्याच्या त्या मोरपंखी भिंतीसमोर कोणत्याही त्वचेचा रंग आजारी दिसला असता. कामाच्या जागेच्या निदान दोन भिंती पांढऱ्या किंवा फिक्या राखाडी ठेवा. रंगांची हौस बेडरूमच्या उरलेल्या दोन भिंतींवर भागवा.

उजव्या हाताने काम करत असाल तर उजेड डावीकडून हवा, डावखुऱ्यांना उजवीकडून. नाहीतर हाताची सावली नेमकी रेघेवर पडते.

रात्रीचं काय? आपल्यापैकी निम्मे लोक रात्रीचेच. छताच्या ट्यूबखाली भिंतीकडे तोंड करून बसलात तर तुमच्या डोक्याची सावली कागदावर येते. दिवा बाजूने आणि थोडा वरून हवा. उजेड पिवळा की निळसर, ते केल्विनमध्ये मोजतात. दुकानात 'वॉर्म व्हाइट' म्हणजे साधारण 2700 ते 3000 केल्विन; त्यात पिवळा रंग दिसतच नाही आणि निळा मळकट होतो. 'कूल डेलाइट' म्हणून मिळतो तो बहुधा 6500. 4000 ते 5000 च्या मधला मिळाला तर उत्तम. पण केल्विनपेक्षा खोक्यावरचा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा बघा, 90 च्या वर हवा. हा आकडा कमी असेल तर पांढरा उजेडसुद्धा लाल रंग मेलेला दाखवतो.

तपासा: एकाच रंगाचे दोन पट्टे काढा, एक दिवसा खिडकीपाशी मिसळून आणि एक रात्री दिव्याखाली. सकाळी शेजारी ठेवून बघा. फरक डोळ्यांत भरत असेल तर रात्री फक्त रेखाटन आणि तयारी करा, रंग दिवसा लावा. मी अजूनही तसंच करते.

## पायरी 4: ओल

इथे घाई कराल तर जुलैत रडाल.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे आर्द्रता दिवसेंदिवस 80 टक्क्यांच्या वर असते. कागदाला बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी होणारं नुकसान मात्र दिसत नाही. जलरंगाच्या कागदावर सायझिंग म्हणजे एक चिकट लेप असतो. त्यामुळे रंग काही क्षण वरच राहतो आणि तुम्हाला खेळवता येतो. दमटपणात तो लेप खराब होतो. कागद वरून कोरा, पांढराशुभ्र. ब्रश टेकवला की टिपकागदासारखा रंग पिऊन टाकतो. आपला हात बिघडला असं वाटून लोक क्लास बदलतात. बिघडलेला असतो कागद.

म्हणून जागा ठरवण्याआधी भिंतींची तपासणी करा:

1. बाहेरची भिंत कोणती ते शोधा. पावसाचा मारा जिथे बसतो त्या भिंतीला कागद, कॅनव्हास, कपाट काहीही टेकवायचं नाही. निदान दोन इंच हवा मधून खेळली पाहिजे.
2. भिंतीवर तळहात फिरवा. पोपडे, मिठासारखी पांढरी पूड, रंगाला फुगे दिसले तर ती भिंत रद्द. नवीन रंग देऊन ओल जात नाही, फक्त पुढच्या पावसापर्यंत लपते.
3. पलीकडे बाथरूम आहे का? असेल तर तीही भिंत रद्द.
4. पावसाळ्यात घरातले कपडे कुठे वाळतात?

चौथा प्रश्न कुणीच विचारत नाही. जुलैत बाहेर कपडे वाळत नाहीत, मग हॉलमध्ये पंख्याखाली दोऱ्या बांधल्या जातात, आणि एका वेळच्या धुण्यातलं सगळं पाणी त्या खोलीच्या हवेत जातं. तुमचे कागद त्याच खोलीत असतील तर वरून प्लॅस्टिक गुंडाळून उपयोग नाही. कपडे किंवा कागद, दोघांपैकी एकाने खोली बदलायची. आमच्या घरी कागद बदलतात. सासूबाईंशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

कागद आडवे ठेवा, उभे ठेवले तर दमटपणात वाकतात. दोन प्लायच्या फळ्यांमध्ये घालून पलंगाखाली, पण लादीला टेकवून नाही; विटांवर किंवा लाकडी पट्ट्यांवर तीन इंच उचलून. तळमजल्यावर, त्यातही नौपाड्यात चिखलवाडीसारख्या पाणी भरणाऱ्या भागात राहत असाल, तर पलंगाखालचा विचारच सोडा. माळा हा मोह वाटतो, पण मे महिन्यात तिथे भट्टी असते. लाकडी चौकटी पिळवटतात. स्वयंपाकघरावरचा माळा तर बिलकुल नको, फोडणीचा चिकट थर कॅनव्हासवर बसतो.

सिलिका जेलचे दाणे ठेवा; नारिंगी रंगाचे मिळतात, पाणी प्यायले की हिरवे होतात. गरम करून पुन्हा वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या भांड्यात गरम करू नका. कडुनिंबाचा पाला घालणार असाल तर पूर्ण वाळवून. ओला पाला घालून आपणच ओल आत नेतो आणि मग कसर लागली म्हणून कडुनिंबाला नावं ठेवतो.

जलरंगाच्या पॅनची डबी ओली असताना बंद केली की चार दिवसांत वड्यांवर पांढरी लव येते. काम संपलं की डबी रात्रभर उघडी राहू द्या, वर फक्त जाळीदार झाकण. पाली असतातच.

माध्यमावर परिणाम: मे महिन्यात पंख्याखाली जलरंगाचा वॉश बघता बघता वाळतो आणि कडा कडक होतात. तोच वॉश जुलैत अर्धा तास ओला राहतो. तैलरंगही पावसाळ्यात जास्त दिवस चिकट राहतो. म्हणून पंख्याचा झोत थेट कामावर येणार नाही अशी जागा निवडा, आणि पावसाळ्यात एका चित्राऐवजी दोन चित्रं आलटूनपालटून चालवायला जागा ठेवा.

तपासा: निवडलेल्या कोपऱ्यात आर्द्रतामापक आठवडाभर ठेवा, खोलीच्या मध्येही एक दिवस ठेवून बघा. कोपऱ्याचा आकडा सतत बराच जास्त येत असेल तर तिथे हवा खेळत नाही.

## पायरी 5: मांडणी, म्हणजे चार मिनिटांचा नियम

इच्छा झाल्यापासून पहिला ब्रश कागदाला लागेपर्यंत चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ जाऊ नये. आकडा माझ्या अनुभवाचा आहे, शास्त्र नाही. पण घड्याळ लावून बघा. जास्त वेळ लागत असेल तर काय काय आणायला उठता ते मोजा.

बसल्या जागेवरून, कंबर न वळवता, हात पोहोचतो त्या अर्धवर्तुळात रोजच्या फक्त सात-आठ वस्तू ठेवा. माझ्या: दोन ब्रश, एक चपटा ब्रश, पॅलेट, पाण्याच्या दोन काचेच्या बरण्या, जुन्या बनियनचं फडकं, पेन्सिल. बाकीचे तेहतीस ब्रश डब्यात, डबा कपाटात. कळशीत खोचलेले ब्रश दिसायला छान; धूळ आणि केस तुटण्याची सोयही छान.

पाणी मोरीतून आणावं लागत असेल तर पाच लिटरचा कॅन जवळ ठेवा. पाणीकपातीच्या दिवशीही काम अडत नाही.

सावधान, सांडपाणी आणि चिंध्या: अ‍ॅक्रिलिकचं गढूळ पाणी बेसिनमध्ये ओतलंत तर गाळ पाइपात बसून घट्ट होतो आणि प्लंबर घरच्यांसमोर तो बाहेर काढून दाखवतो. बादलीत रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी ओता, तळचा गाळ वर्तमानपत्राने पुसून कचऱ्यात टाका. तैलरंग पातळ करायचं टर्पेंटाइन बेसिनमध्ये कधीच नाही. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून डब्यात कोंबू नका. तेल वाळताना उष्णता निघते आणि गोळ्यात ती साठून चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाणी घातलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. एसी लावून खिडक्या बंद केलेल्या बेडरूममध्ये टर्पेंटाइन वापरायचं नाही, आणि मुलं झोपतात त्या खोलीत तर मुळीच नाही. दुसरी खोली नसेल तर जलरंग किंवा अ‍ॅक्रिलिक.

ओली चित्रं वाळत घालायला अनेक घरांत आयती सोय असते: बाल्कनीच्या छताला टांगलेली, दोरीने वर-खाली होणारी कपड्यांची दांडी. चार क्लिपा लावा, पावसाळा सोडून. मात्र कडकडीत उन्हात नको, रंगही उडतो आणि कागदही वाकतो.

## पायरी 6: घरातली माणसं

इथे मोजपट्टी चालत नाही. 'ही माझी जागा, कुणी हात लावायचा नाही' असं जाहीर केलं की पहिल्याच दिवशी तिथे इस्त्रीचे कपडे येऊन बसतात. सपाट रिकामी जागा कुणीही रिकामी राहू देत नाही.

जागेपेक्षा वेळ मागा. 'मंगळवार, गुरुवार रात्री दहा ते साडेअकरा मी टेबलापाशी असेन, तेवढ्यात कुकर बंद करायला मला हाक मारू नका.' एवढं ठोस सांगितलेलं पाळलं जातं. शिवाय टेबल रिकामं सोडू नका: फळीवर अर्धवट चित्र चिकटवलेलं असलं की इस्त्रीचे कपडे दुसरीकडे जातात. झाकायला एक जुनी सुती साडी पुरते.

मावशींना एकदा जवळ बसवून दाखवा की या बरणीतलं पाणी फेकायचं नाही आणि हे फडकं लादीला वापरायचं नाही. न सांगता अपेक्षा ठेवणं ही चूक आपली.

## पायरी 7: समोरची भिंत

'मी चित्रकार आहे' हे जागा तुम्हाला सांगते की पाहुण्यांना, हे इथे ठरतं. बहुतेक जण समोर आवडत्या परदेशी चित्रकाराची प्रिंट लावतात, आणि मग रोज कामाला बसताना पहिली तुलना त्याच्याशी. आयुष्यभर हरायची सोय आपणच खिळा ठोकून करतो.

समोर स्वतःच्या तीनच गोष्टी ठेवा: चालू चित्र, फसलेलं पण काहीतरी सांगणारं एक चित्र, आणि पुढच्या कामाचं कच्चं रेखाटन. पूर्ण झालेली चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवा किंवा आत टाका. त्यांच्याकडे बघत बसलं की हात तीच तीच चित्रं पुन्हा काढू लागतो. दर महिन्याच्या एक तारखेला या तिन्ही गोष्टी बदला. सहा महिन्यांत काय बदललं आणि काय दर वेळी परत आलं, हे वहीत लिहा. परत येणारी गोष्ट तुमची. माझ्या भिंतीवर दर खेपेला कळव्याच्या खाडीपुलाखालचं पाणी यायचं, मी ठरवलेलं नसताना.

इटलीतला मोरांदी बोलोन्यातल्या घरी बहिणींसोबत राहायचा आणि झोपायच्या खोलीतच चित्रं काढायचा. बाटल्या, वाट्या, डबे, वर्षानुवर्षं तेच. त्याची खोली आणि त्याचं चित्र वेगळं करता येत नाही. वन-बीएचकेवाल्यांनी प्रिंट लावायचीच असेल तर निदान त्याची लावा. नाही, तीही नकोच.

काम थांबवताना उद्याची पहिली कृती चिठ्ठीवर लिहून फळीला लावा: 'डावीकडचं आकाश, एक हात राखाडी'. 'चित्र पूर्ण करणे' असं लिहू नका, त्याने दुसऱ्या दिवशी हात हलत नाही.

## पायरी 8: आता खरेदी

सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधली घरं एकदा बघून या. चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात त्यांची रचना केली. 45 ते 75 चौरस मीटरचे छोटे प्लॉट, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे गरज आणि पैसे येतील तसं ज्याने त्याने आपलं घर वाढवावं. कामाची जागाही अशीच वाढवा.

पहिल्या महिन्यात फक्त दिवा आणि फळी. दुसऱ्या महिन्यात कागद ठेवायची सोय. तिसऱ्यात, नोंदवही सांगेल ते: चाकांची ट्रॉली, चौरंग, उंच स्टूल. ईझल तेव्हाच, जेव्हा भिंतीला टेकवलेल्या फळीवर तुम्ही उभ्याने निदान दहा बैठका केल्या असतील. विकत घेताना चित्राचा मध्य डोळ्यांच्या पातळीवर येतो का ते दुकानातच उभं राहून बघा, आणि पाय पूर्ण फाकवायला लावा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

## घर पुरत नसेल तर

वागळे इस्टेट किंवा तुर्भे-रबाळ्याकडे दोघा-तिघांनी मिळून गाळा घ्यायचा विचार बरेच जण करतात. त्याआधी घरच्या जागेत वर्षभर काम झालेलं असावं. नाहीतर भाडं भरायचं आणि जायचं नाही असं होतं. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच करा, महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे, आणि चित्रांच्या कामासाठी वापर करणार हे त्यात स्पष्ट लिहून घ्या.

गाळा बघायला सकाळी नाही, तुम्ही खरंच काम करता त्या वेळी जा. रात्री दहाला लिफ्ट चालू असते का? वॉचमन आत सोडतो का? शेजारच्या गाळ्यात मशीन असेल तर पाण्याने भरलेली वाटी जमिनीवर ठेवून पाणी थरथरतं का ते बघा. खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवा; धूळ कसली आहे ते बोटाच्या रंगावरून कळेल. टॉयलेटचा नळ सोडून बघा. आणि शक्य असेल तर एक चक्कर जुलैत, मुसळधार पाऊस चालू असताना मारा. छत पत्र्याचं असेल तर तेव्हा आत उभं राहून शेजारच्या माणसाशी बोलून बघा, ऐकू येतं का.